हात न लावता वाढवलेलं पिल्लू

आमच्या घरी कुत्रं आलं ते सासूबाईंच्या हुकमाने. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिगत ऐकून कोणालाही वाटेल की त्यांच्या मनाविरुद्ध कोणीतरी ते घरात घुसवलं असणार.

त्या वेळी आम्ही दहिवलीला राहत होतो. हे कर्जत स्टेशनात तारबाबू होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन लागायचं, त्यामुळे स्टेशन आठही प्रहर जागं असे आणि ह्यांची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. हे कामावर गेले की नदीकाठच्या आमच्या भाड्याच्या घरात माणसं तीनच उरायची : सासूबाई, मी आणि माझा सहा महिन्यांचा मुलगा. घर वस्तीच्या अगदी टोकाला. परसापलीकडे भातखाचरं, खाचरांपलीकडे डोंगर. भाद्रपदात एके दिवशी परसात पालथी घातलेली दोन पातेली आणि दोरीवरचं एक लुगडं नाहीसं झालं. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "एक कुत्रं आण. लहानच आण, म्हणजे आपलं होईल."

हे त्यांच्याकडे पाहतच राहिले. "आई, तुला चालेल?"

"ओटीवर आणि अंगणात राहू दे. उंबरठ्याच्या आत नको. आणि मला शिवता कामा नये. बाकी तुमचं तुम्ही बघा."

सासूबाई देशावरच्या. ऐन तिशीत विधवा झालेल्या, कडक सोवळ्याच्या, एकभुक्त राहणाऱ्या. बोलणं मोजकं. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्याशी पाच-सहा वाक्यांपलीकडे एका दमात बोलल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना भीत होते. त्या मला कधी टाकून बोलल्या नव्हत्या, तरी भीत होते.

नेरळच्या स्टेशनातल्या एका हमालाच्या घरी कुत्री व्यायली होती. त्यातलं एक पिल्लू ह्यांनी आंब्याच्या रिकाम्या करंडीत घालून आणलं. तांबूस रंग, पुढचे दोन पाय पांढरे, आणि कान इतके मोठे की ते उसने आणल्यासारखे वाटायचे. पहिले दोन महिने त्याने कोणालाच त्रास दिला नाही. दूधभात खायचं आणि गोणपाटावर पडून राहायचं. माझा मुलगा त्याच्याकडे बोट दाखवून हसायचा.

दिवाळी झाली आणि त्या गुणी पिल्लाला काय झालं कोण जाणे. ते चावायला लागलं.

चावायला म्हणजे काय, ते सोसलेल्यालाच कळेल. सकाळी सडा घालायला अंगणात पाऊल टाकलं की ते घोट्याला येऊन लटके. सुया टोचाव्या तसे दात. पाय झटकला की त्याला आणखी चेव. वाळत घातलेली बाळाची दुपटी ओढून त्यांच्या चिंध्या केल्या. ह्यांच्या छत्रीची मूठ, सुपाची कड, पाटाचा कोपरा, एका जोड्याची जीभ, सगळ्यांवर त्याचे दात उमटले. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला तर त्याच्या अंगात येई. अंगणात गरगर फिरायचं, धावत येऊन पदराला झोंबायचं आणि गुरगुरायचं. माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते. नदीवर धुण्याला गेले की बायका विचारत, "काय गं, करवंदीच्या जाळीत शिरली होतीस का?"

उपाय सगळ्यांकडे होते. कोणी म्हणे नाकाला मिरची चोळ. कोणी म्हणे दिवसभर बांधून घाल. एकीने तर गोणीत घालून घाटापलीकडे सोडायला सांगितलं. ह्यांचा उपाय छत्रीचा होता. पिल्लू चावलं की हे छत्रीचा तडाखा द्यायचे. पिल्लू केकाटून कट्ट्याखाली जाऊन बसे. पण दोन-तीन दिवसांत ते छत्री दिसताच दात विचकायला लागलं, आणि मग छत्री हातात नसतानाही. पूर्वी ते खेळता खेळता चावायचं, आता घाबरून चावू लागलं. ह्या दोहोंतला फरक मला तेव्हा सांगता आला नसता, पण अंगावर कळत होता.

सर्वांत मोठी पंचाईत सासूबाईंची. विहीर अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात. अंघोळ करून ओलेत्याने त्या घराकडे निघाल्या की पिल्लू त्यांच्या लुगड्याचा काठ पकडी. शिवलं म्हणजे पुन्हा अंघोळ. मार्गशीर्षातली थंडी, डोंगरावरून उतरणारा वारा. एका सकाळी त्यांना चार वेळा परतून विहिरीवर जावं लागलं. चौथ्या वेळी पोहरा विहिरीत पडल्याचा आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात रडायला लागले. वाटलं, आता ह्या आत येतील आणि म्हणतील, ते जनावर आजच्या आज घालवा. खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं असंच मला वाटत होतं.

त्या आल्या. ओठ निळसर झाले होते. चुलीशी बसल्या, हात शेकले, आणि म्हणाल्या, "भात उतू जातोय."

मी धीर करून म्हटलं, "सासूबाई, ते सोडून देऊ या ना कुठेतरी."

"राखणीला म्हणून मी बोलावलं त्याला," त्या म्हणाल्या. "ते आपल्या पायांनी नाही आलं."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तो दात सापडला. दुपारी त्या उंबरठ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होत्या. ओटीवर पिल्लू पायरीची कड कुरतडत होतं. सारवलेल्या जमिनीवर त्यांना एक पांढरा दाणा दिसला. तांदळाचा दाणा कधी वाया जाऊ द्यायच्या नाहीत. हात लांब करून त्यांनी तो उचलला, तळहातावर घेतला आणि उजेडात धरला.

"सूनबाई, इकडे ये."

मी गेले. तळहातावर एक बारीकसा, टोकदार, आतून पोकळ दात होता. म्हणजे त्या विटाळल्या होत्या. मला वाटलं, आता झटकून टाकतील. पण त्या कितीतरी वेळ तो दात पाहत बसल्या.

"त्याचं तोंड उघडून बघ. मी सांगते तिथे बघ."

मी भीत भीत पिल्लाला मांडीत घेतलं. त्या आतून सांगत होत्या, मी ओठ वर करून पाहत होते. हिरड्या सुजून लालभडक झाल्या होत्या. एका बाजूला दात पडून खळगा झाला होता, आणि त्याच्या शेजारी नव्या दाताचं टोक वर येत होतं. ते सगळं मी त्यांना सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "तुझ्या लेकाचे दात येताहेत, तो दिवसभर काय करतो?"

"हाताला लागेल ते चावतो. परवा मलाही चावला."

"त्याला मारलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"माझी आठ झाली. त्यांतली दोन राहिली," त्या म्हणाल्या. "दात येताना ताप येऊन एक गेली. दात येणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे." एवढं बोलून त्या उठल्या आणि अंघोळीला विहिरीवर गेल्या.

त्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ती छत्री आत ठेव. आजपासून त्याला मारायचं नाही."

"आई, माराशिवाय कुत्रं शिकतं का कुठे?"

"महिनाभर मारतोयस. चावायचं थांबलं?"

"नाही."

"मग मारतोस ते कोणासाठी?"

छत्री आत खुंटीवर गेली.

सासूबाईंनी जे शिकवलं ते ऐकायला फार सोपं होतं. पिल्लाने पाय धरला की जागच्या जागी थांबायचं. पाय ओढायचा नाही, ओरडायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. "ओढलास की त्याला वाटतं, तू खेळतेस." हलक्या आवाजात एकदाच 'नको' म्हणायचं. ह्यांनी एक आणि मी दुसराच शब्द वापरायचा, असं चालणार नाही. घरात सगळ्यांचा शब्द एकच. त्याने सोडलं की लगेच त्याला चावायला त्याचं असं काहीतरी द्यायचं. जुन्या धोतराच्या चिंधीला गाठी मारून ती माठाखालच्या गार पाण्यात भिजवून ठेवायची, तीच त्याला द्यायची.

सोपं होतं, पण मला जमेना. दात रुतले की पाय आपोआप झटकला जायचा, तोंडातून किंकाळी निघायची. दोन दिवस मी हरले. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई अंघोळीला निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, "ओटीवर उभी राहा आणि बघ."

त्या मुद्दाम अंगणाच्या मधोमध गेल्या. पिल्लू धावत आलं आणि त्याने लुगड्याचा काठ पकडला. सासूबाई थांबल्या. हात छातीशी घेतले, मान वर केली आणि डोंगराकडे पाहत उभ्या राहिल्या. पिल्लाने हिसडे दिले. गुरगुरलं. मागे रेलून सगळं वजन टाकलं. एकदा त्याचा दात त्यांच्या घोट्याला लागलेला मी पाहिला. त्या हलल्या नाहीत. "नको," एवढंच म्हणाल्या, तेही एरवी माझ्याशी बोलत तितक्याच आवाजात. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, मला तो फार वाटला. शेवटी पिल्लाने काठ सोडला आणि बुचकळ्यात पडून खाली बसलं.

"शाबास," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, चिंधी टाक."

मी चिंधी टाकली. तोपर्यंत त्या विहिरीवर पोचल्या होत्या.

मग माझ्या ध्यानात आलं. धडा त्यांनी अंघोळीच्या आधी ठेवला होता. शिवलं तरी अंघोळ व्हायचीच होती. सोवळंही राहिलं आणि शिकवणंही झालं. पुढे रोज सकाळी, न चुकता, अंघोळीआधी त्या अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहत. त्यांच्या जुन्या लुगड्याच्या काठाची जाळी झाली. आठवड्याभरात पिल्लू त्यांच्यापर्यंत धावत येऊन थबकायला लागलं. मीही त्यांच्यासारखीच डोंगराकडे पाहून उभी राहायला शिकले. खरंच, डोंगराकडे पाहिलं की पायाचं दुखणं थोडं कमी होतं.

संध्याकाळच्या धिंगाण्याचं कारणही त्यांनीच ओळखलं. दिवे लागायच्या वेळी इकडे बाळ किरकिर करी, तिकडे पिल्लू अंगणात थैमान घाली. सासूबाई म्हणाल्या, "दोघांनाही झोप आलीय. झोप आली की पोरं अशीच करतात." त्यांनी कोंबड्या झाकायचं एक मोठं डालगं आणवलं. त्याच्याखाली गोणपाट घालून पिल्लाला झाकायला सांगितलं. पहिल्यांदा ते कुईकुई करून रडलं, आणि मग डालग्याच्या फटीतून नाक बाहेर काढून गाढ झोपलं. मी पाळण्याची दोरी ओढत होते. घरात इतकी शांतता किती दिवसांनी झाली होती! सासूबाई जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. मध्येच थांबून त्यांनी एकदा पाळण्याकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर डालग्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माळ ओढू लागल्या.

डोंगराखालच्या ठाकरवाडीतून एक बाई आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन यायची. चिंधीच्या झालेल्या चिंध्या पाहून ती हसली. पुढच्या खेपेला तिने एक जाड दोर आणून अंगणात टाकला. "बाय, ही पळसाच्या मुळीची दोरी हाय. कितीबी चावू दे, लवकर तुटायची नाय." पिल्लाला तो दोर फारच आवडला. दोराचे धागे सुटायला लागले की सासूबाई लांबूनच सांगत, "काढून घे, पोटात जातील." कुठला धागा कधी सुटला, हे त्यांना आतून कसं दिसायचं, देव जाणे.

महिन्याभरात अंगणात निर्धास्त चालता येऊ लागलं. आणि नेमकं तेव्हाच ते घडलं.

पौषाचे दिवस होते. सासूबाई ओटीच्या दारात वाल सोलत होत्या, बाळ ओटीवर रांगत होतं, मी परसात होते. बाळ पिल्लापाशी गेलं आणि त्याने पिल्लाच्या तोंडातला दोर धरून ओढला. पिल्लू फटकन चावलं. किंकाळी ऐकून मी धावत आले तर बाळाच्या करंगळीतून रक्त ठिबकत होतं. मला दुसरं काही दिसलंच नाही. मोळीतलं एक लाकूड उपसलं आणि पिल्लाच्या पाठीत घातलं. एकदा, दोनदा. ते ओरडत कुंपणातून निसटून खाचरांत पळालं.

शेजारच्या बायका जमल्या. कोणीतरी म्हणालं, "पिसाळलंय ते. बरं झालं गेलं." सासूबाईंनी बाळाला उचललं आणि विहिरीवर नेलं. पोहऱ्याची धार करंगळीवर सोडून, साबण लावून पुन्हा पुन्हा धुतली, हळद दाबली. बाळ त्यांच्या खांद्यावर हुंदके देऊ लागलं तेव्हा त्या बायकांना म्हणाल्या, "पिसाळलेलं पाणी पीत नाही. हे आत्ता दुपारी वाडगंभर पाणी प्यालंय, मी पाहिलंय. तरी मी डोळा ठेवीन. तुम्ही घरी जा."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी समोर बसले होते. पोराला आणि पिल्लाला एकत्र सोडून वालाकडे बघत होते. त्याच्या तोंडातलं कोणी ओढलं तर ते काय करणार?"

कोणत्याही सासूने सुनेपाशी आपली चूक कबूल केल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"चल, आणायला जाऊ," त्या म्हणाल्या.

त्या कधी फाटकाबाहेर पडत नसत. त्या दिवशी बाळाला शेजारणीकडे देऊन त्या माझ्यापुढे बांधावरून चालत गेल्या. कापणी होऊन गेली होती, खाचरांत वालाचे वेल वर आले होते. लोक पाहत होते. तिसऱ्या खाचराच्या कडेला पेंढ्याची उडवी रचलेली होती, तिच्या पोटात पिल्लू शिरून बसलं होतं. दोन डोळे तेवढे दिसत होते.

मी म्हटलं, "तुम्हीच बोलवा सासूबाई. तुमचं ऐकतं ते."

"मारलंस तू. बोलवायचंही तूच."

मी हाक मारली. ते आणखी आत सरकलं. "खाली बस," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याच्याकडे बघू नको." मी बांधावर त्याच्याकडे पाठ करून बसले, हात मागे जमिनीवर टेकले. सासूबाई चार हातांवर उभ्या होत्या. ऊन उतरायला लागलं. मला बाळाची करंगळी आठवत होती, आणि माझ्या हातातलं ते लाकूड आठवत होतं. रडू येत होतं, पण हलायचं नव्हतं. मग मागे पेंढा सळसळला. थोड्या वेळाने माझी बोटं ओल्या, गरम तोंडात गेली. मी श्वास रोखून धरला. त्याचे नवे दात मला जाणवले, पूर्वीच्या सुयांपेक्षा जाड. त्याने बोटं धरली, पण दाबली नाहीत. क्षणभर धरून सोडली, आणि चाटायला लागलं.

"आता घरी चला," सासूबाई म्हणाल्या. आम्ही तिघं बांधावरून परत आलो.

पुढचे कितीतरी दिवस त्या रोज सकाळी मला सांगायच्या, "पाणी प्यालं हो." एवढंच. जितके दिवस मला धास्ती होती तितके दिवस त्यांनी ते सांगितलं, आणि माझी धास्ती गेल्यावर सांगायच्या थांबल्या. माझी धास्ती कधी गेली, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. बाळ आणि पिल्लू दोघं ओटीवर असली की मात्र त्यांनी पुन्हा कधी हातात दुसरं काम घेतलं नाही.

एकदा माघात मी ओटीवर पिल्लाचं डोकं मांडीवर घेऊन गोचीड काढत होते. त्या आत बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "हाताला कसं लागतं गं ते?"

मला आधी कळलंच नाही.

"त्याचं डोकं. मऊ लागतं का?"

"कानाजवळ फार मऊ आहे," मी म्हटलं. "पाठीवर राठ आहे. आणि गरम लागतं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आपल्या कामाला लागल्या.

शिमग्यापर्यंत त्याचे सगळे दात आले, आणि चावणं संपलं ते कायमचं. पुढे तो चांगला थोराड कुत्रा झाला. आमच्या परसातलं पुन्हा काही गेलं नाही. माझा मुलगा त्याच्या पाठीला धरून उभा राहायला शिकला.

दुसऱ्या वर्षी नदीपलीकडच्या एका घरातली सून आमच्या फाटकाशी आली. तिच्याकडे पिल्लू होतं आणि तिच्या हातांवर माझ्यासारखेच ओरखडे. सासूबाईंचं नाव ऐकून आली होती. त्या तुळशीला पाणी घालत होत्या. म्हणाली, "आजी, काय करू सांगा ना. घरातले म्हणतात सोडून दे."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचार. हिला येतं ते."

मी तिला ओटीवर बसवून घेतलं आणि मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. सांगताना एकदा-दोनदा तुळशीकडे पाहिलं, काही चुकलं तर त्या सांगतील म्हणून. त्या तांब्या रिकामा करून केव्हाच आत गेल्या होत्या.